लकव्यानंतर पुढचं आयुष्य कसं जाईल, हे आधी कळतं का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे केळीचे भाव आणि राजकारण यावरच डोकं खातो, आज घरचं घेऊन आलोय.

गेल्या आठवड्यात नानांना (माझे वडील, वय 66, यावल तालुक्यात शेती) लकवा मारला. सकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला गेले आणि तिथेच बांधावर बसून राहिले. सालदाराला वाटलं चक्कर आली. घरी आणलं, गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि लगेच जळगाव गाठा म्हणाले. सीटी स्कॅन होईस्तोवर दुपार कलली होती. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. जिवावरचं टळलं असं डॉक्टर म्हणतात.

पुढचं विचारलं की "वेळ द्या, प्रत्येक पेशंट वेगळा" एवढंच उत्तर. आई एकच विचारते, पहिल्यासारखे होतील का. धाकट्या भावाचं म्हणणं, कांदेबागाची (केळीच्या पावसाळ्यानंतरच्या हंगामाची) लागवड तोंडावर आली आहे, सगळी जमीन दोन-तीन वर्षं बटाईने देऊन मोकळं होऊ, नाना आता काही शेतात जात नाहीत. काका म्हणतात पुण्याला हलवा. मी पुण्यात नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जो तो नानांचं पुढचं आयुष्य मनाशी धरूनच बोलतोय, आणि प्रत्येकाने धरलेलं वेगळं आहे.

चालतील का, हात येईल का, बोलतील का, आणि एकूण जगणं कसं असेल, हे आधी सांगायची काही पद्धत आहे का? अनुभवी लोकांनी आणि इथल्या वैद्यकीय मंडळींनी लिहावं.

कळणेभाकरी
फार वाईट वाटलं वाचून. नाना सावरोत. आईकडेही लक्ष ठेवा.

भुसावळ_जंक्शन
डॉक्टरांचं फार मनावर घेऊ नका. आमचे मोठे मामा रेल्वेतून रिटायर. त्यांना लकवा झाला तेव्हा स्वच्छ सांगितलं होतं की आता अंथरुणातच दिवस काढायचे. आज मामा काठी टेकत रोज संध्याकाळी स्टेशनबाहेर चहाला जातात, उधारीवर.

गिरणेचं_पाणी
@भुसावळ_जंक्शन, आमच्याकडे नेमकं उलटं. चुलतसासूबाई महिन्याभरात चालायला लागतील असं सांगितलं होतं, त्या शेवटपर्यंत खाटेवरच राहिल्या. असे मामा आणि अशा सासूबाई प्रत्येक घरात सापडतील. त्यावरून धागाकर्त्याने काय ठरवायचं?

भुसावळ_जंक्शन
अहो, धीर द्यायला लिहिलं.

फिजिओताई
धुळ्यात फिजिओथेरपी करते, लकव्याचे पेशंट रोजचेच. "प्रत्येक पेशंट वेगळा" हे खरं आहे, पण काही गोष्टींचा अंदाज बराच लवकर येतो, आणि त्याला एमआरआयसुद्धा लागत नाही.

आधी पाय. नेदरलँड्समध्ये पहिल्यांदाच लकवा झालेल्या लोकांवर अभ्यास झाला. पहिल्या 72 तासांत दोनच गोष्टी बघायच्या. पेशंट आधाराशिवाय 30 सेकंद बसतो का, आणि लुळ्या पायात थोडीतरी हालचाल आहे का. दोन्ही असेल तर सहा महिन्यांनी स्वतःच्या पायाने चालण्याची शक्यता 98 टक्के निघाली. दोन्ही नसेल तर साधारण 27 टक्के. नवव्या दिवशीही दोन्ही नसेल तर 10 टक्क्यांवर आली.

हाताचंही तसंच. बोटं सरळ उघडता येतात का आणि हात खांद्यातून बाजूला उचलता येतो का. 72 तासांत दोन्ही थोडंफार जमत असेल तर सहा महिन्यांनी हाताचा काहीतरी उपयोग होण्याची शक्यता 98 टक्के, दोन्ही नसेल तर 25. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या लोकांनी याचंच गणित मांडलं. तिसऱ्या दिवशी खांद्याला 5 पैकी आणि बोटांना 5 पैकी गुण द्यायचे. बेरीज 5 किंवा वर असेल तर तीन महिन्यांत हात बऱ्यापैकी कामाला येतो. त्याहून कमी असेल तर डोक्यावर चुंबकीय झटका देऊन मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचतो का ते तपासतात. ते यंत्र आपल्याकडे रोजच्या वापरात नाही. शिवाय हे सगळं करूनही त्यांचा अंदाज साधारण चारात तीन वेळाच बरोबर येतो.

बोटांवर एवढा भर का, तर मेंदूपासून मणक्यात उतरणारे जे तंतू आहेत, बोट उघडण्यासाठी त्यांच्यातले काही शाबूत असावेच लागतात. खांद्याला दुसऱ्या वाटेनेही थोडी मदत मिळते, बोटांना नाही.

बोलण्याचं मात्र इतकं सरळ नाही. सुरुवातीला किती गेलंय यावर बरंच अवलंबून असतं, आणि सुधारणा हातापायापेक्षा जास्त काळ चालू राहते, महिनोन्‌महिने.

नाना आता कुठवर आहेत, बसतात का?

तापीकाठ
@फिजिओताई, खूप आभार. काल पलंगाच्या कडेला बसवलं होतं, हात सोडला तरी कलले नाहीत. पाय गुडघ्यात थोडा ओढतात. खांदा उचकल्यासारखा हलतो. बोटं अजिबात नाही, मूठ मिटलेलीच. पण पहिल्या तीन दिवसांत कसं होतं ते माहीत नाही, तेव्हा आम्ही फक्त मॉनिटरकडे बघत होतो.

फिजिओताई
मग पायाबद्दल आशा धरायला जागा आहे, हाताबद्दल जरा जपून. पण हे मी इथे बसून बोलतेय. तुमच्या तिथल्या थेरपिस्टला याच चार गोष्टी विचारा आणि दर आठवड्याला तारीख टाकून लिहून ठेवा.

आणि लुळा हात धरून उठवू नका. काखेत हात घालून ओढणं तर मुळीच नको. खांदा निखळतो, मग दुखण्यापायी माणूस व्यायामच नाकारतो. पाणी पिताना ठसका लागतो का तेही सांगा डॉक्टरांना. गिळणं तपासल्याशिवाय ताक-पाणी तोंडात ओतायचं नाही, ते फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनिया.

टवाळ_सातपुडा
अजून कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं नाही? खान्देशात धागा आहे आणि दहा प्रतिसादांत कबुतर नाही म्हणजे कमालच.

तापीकाठ
सांगितलंय. आत्याने. कबुतराची सोयही करून ठेवली आहे.

टवाळ_सातपुडा
कबुतराच्या क्वालिटी ऑफ लाइफचा कुणी अंदाज वर्तवतं का?

शिरपूरकर
हसण्यावारी नेऊ नका. आमच्या शेजारच्या बाईचं तोंड वाकडं झालं होतं, डोळा मिटत नव्हता. झाडपाल्याच्या औषधाने तीन आठवड्यांत सरळ. डोळ्यांनी बघितलंय.

फिजिओताई
@शिरपूरकर, तुम्ही बघितलं ते खरंच असणार. पण हात-पाय ठीक, फक्त अर्धा चेहरा लुळा, कपाळावर आठी पडत नाही आणि डोळा मिटत नाही, हा बहुतेकदा चेहऱ्याच्या नसेचा आजार असतो, बेल्स पाल्सी. तो मेंदूचा लकवा नव्हे. त्यातले सुमारे 70 टक्के लोक काही न करताही पूर्ण बरे होतात. मेंदूच्या लकव्यात कपाळ सहसा हलतं, ओठाची कड ओघळते आणि बरोबर हात किंवा पाय जातो. दोन्हींना आपण लकवाच म्हणतो, म्हणून झाडपाल्याचं यश वाढत जातं.

मेंदूच्या लकव्यातसुद्धा पहिल्या काही आठवड्यांत आपोआप बरीच सुधारणा होते. त्या काळात तुम्ही राजस्थानात बुटाटीच्या देवळात सात दिवस राहून या, पाला बांधा नाहीतर नुसतं घरी बसा, जे केलं त्याला श्रेय जातं.

(तोंड वाकडं दिसलं तर ते कुठलं हे घरी ठरवत बसू नका. सरळ 108 ला फोन.)

शिरपूरकर
बुटाटीला आमची श्रद्धा आहे. पण मुद्दा समजला.

सांख्यिकी
मूळ प्रश्नाकडे येतो. फिजिओताईंचे आकडे बरोबर आहेत, पण ते वाचताना घोळ होतो. 25 टक्के म्हणजे ज्यांचा हात पहिल्या तीन दिवसांत काहीच हलत नव्हता, अशा चार जणांतल्या एकाचा पुढे कामाला आला. तुमचे नाना त्या चारांतले कोण, हे आकडा सांगत नाही. जंक्शनचे मामाही त्यातलेच कुणीतरी.

दुसरं म्हणजे डॉक्टर ज्याला चांगला निकाल म्हणतात तो काय असतो ते बघा. जगभर रँकिनची श्रेणी वापरतात, स्कॉटलंडच्या डॉ. रँकिननी 1957 मध्ये सुचवलेली, पुढे सुधारलेली. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. 2 म्हणजे आपलं आपण सगळं करतो, पण पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत. 3 म्हणजे मदत लागते, पण चालतो. 4 म्हणजे चालायला आणि अंघोळ-संडासला माणूस लागतो. 5 अंथरुणात, 6 मृत्यू. बहुतेक अभ्यासांत 0 ते 2 आलं की चांगला निकाल. सुरुवातीची तीव्रता आणि वय यांवरून ही श्रेणी बऱ्यापैकी सांगता येते. पण तुम्ही विचारलंय जगणं कसं असेल. त्या श्रेणीत तो रकानाच नाही.

डाव्याहाताने
बरेच दिवस वाचत होते, आज लिहिते. अमळनेरजवळ झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. चाळिशीत लकवा झाला. सांख्यिकींच्या हिशेबात मी 2, म्हणजे चांगला निकाल. केस पेपरवर तसं लिहिलेलंही आहे.

लोकांना मी बरी झालेली दिसते. चालते, बोलते, पोळ्या लाटते. पण दुपारी दोननंतर माझ्यात काही उरत नाही. कामाने येणारा शीण झोपून उठलं की जातो, हा जात नाही. वर्गात चाळीस पोरं एकदम बोलली की शब्द वेगळे काढता येत नाहीत, सगळा एक गोंगाट होतो. फळ्यावर लिहिताना दोन अक्षरं मागेपुढे होतात आणि पोरं दुरुस्त करतात. लग्नाच्या पंगतीत बसवत नाही, डीजे लागला की घरी पळावंसं वाटतं. सासरी सगळ्यांना वाटतं, ही आता टाळते.

मला दवाखान्यात कुणी खोटं सांगितलं नाही. "तुम्ही चालाल" म्हणाले, चालले. "हात येईल" म्हणाले, आला. यातलं मात्र कुणी काही बोललंच नाही.

म्हणून @तापीकाठ, हात-पाय-बोलणं या यादीत थकवा, झोप, चिडचिड, लक्ष लागणं हेही घाला. नाना शेतात जातील की नाही हे पायाइतकंच त्यावर ठरेल.

कळणेभाकरी
ताई, माझ्या नणंदेला आम्ही दोन वर्षं आळशी म्हणतोय. आज पहिल्यांदा कळलं. हे तिच्या नवऱ्याला वाचून दाखवणार आहे.

खापरावरचेमांडे
डाव्याहाताने यांचं वाचलं आणि आमच्या सासऱ्यांची गोष्ट लिहावीशी वाटली, कारण ती याच्या अगदी उलट आहे.

शहाद्याला असतात. रँकिन की काय त्यात 4 असतील. व्हीलचेअर, डावी बाजू गेलेली, संडासला माणूस लागतो. भेटायला येणारा प्रत्येकजण "काय हे जगणं, देवाने लवकर न्यावं" असं त्यांच्यासमोर बोलून जातो. आम्हालाही तसंच वाटायचं. एकदा गावात पाहणी करणाऱ्या मुली आल्या, प्रश्नावली होती. सासूबाईच पटापट उत्तरं देत होत्या. दुखतं का, खूप. झोप, नाही. मन लागतं का, कसलं लागतंय. सासरे ऐकत होते, मग म्हणाले, "माले इचारा ना. मी बरा शे." आणि खरंच सगळी उत्तरं वेगळी आली. त्यांची खुर्ची ओट्यावर असते, रस्त्यावरचा प्रत्येक ट्रॅक्टर कुणाचा, त्यात काय आणि कुठे चाललंय हे त्यांना माहीत. दुपारी चार म्हातारे पत्ते कुटायला येतात. डाव्या हाताची पानं धरायला त्यांनी लाकडी फळीला खाच पाडून घेतली आहे, आणि हरले की फळीचा दोष.

आता तुम्ही म्हणाल हा एकच माणूस. तर 1999 मध्ये अमेरिकेत गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांना विचारलं होतं, त्यातल्या 54 टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम आहे असं सांगितलं. बघणाऱ्यांचा अंदाज याच्या कितीतरी खाली असतो. लकव्याच्या पेशंटच्या वतीने घरचे उत्तर देतात तेव्हाही ते बहुधा पेशंटपेक्षा वाईटच सांगतात.

गिरणेचं_पाणी
मांडे, छान लिहिलंत, पण हे वाचून लोक "बघा, खुर्चीतही मजेत असतात" म्हणत फिजिओ बंद करतील. शिवाय सासूबाईंची उत्तरं खोटी नव्हती. त्या स्वतःची झोप सांगत होत्या. संडासला नेणारं माणूस कोण आहे तुमच्याकडे?

खापरावरचेमांडे
सासूबाई आणि मी. मुद्दा बरोबर आहे, नाकारत नाही. त्यांचं कुणी विचारलं तर ते 54 टक्क्यांत बसणार नाही.

सांख्यिकी
दोघींचंही धरून सांगतो. लकव्यासाठी वेगळी जीवनमानाची प्रश्नावली 1999 मध्येच निघाली आहे, 49 प्रश्न, 12 विभाग. त्यात हात, चालणं, बोलणं आहेच, शिवाय उत्साह, मनःस्थिती, स्वभाव, विचार, नजर, घरातली जागा, लोकांतली ऊठबस, काम. आता सांगा, पहिल्या आठवड्यातल्या तपासणीवरून घरातली जागा कशी ओळखणार? ती तर घरच्यांनीच ठरवायची असते.

अभ्यासांत पुन्हापुन्हा जे वर येतं ते हे: नैराश्य आलं का, आपली कामं आपण करता येतात का, आणि आजूबाजूला माणसं आहेत का.

भुसावळ_जंक्शन
नैराश्याचं काय ते जरा खुलवून सांगा. मामा सुरुवातीला टीव्हीवर जाहिरात लागली तरी रडायचे. साबणाच्या जाहिरातीला.

फिजिओताई
ते बहुधा वेगळं. मेंदूचा भावनांवरचा लगाम सैल होतो, आतून दुःख नसतानाही रडू किंवा हसू फुटतं आणि लगेच थांबतं. घाबरायचं नाही, चेष्टाही करायची नाही, विषय बदलायचा. त्यावर औषधही आहे.

नैराश्य म्हणजे जेवणावरची वासना जाणं, व्यायामाला तोंड फिरवणं, "कशाला जगवलंत" असं वारंवार. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एकाला ते गाठतं. आपल्याकडे "आजारी आहे, उदास तर असणारच" म्हणून सोडून देतात. ते मानसोपचाराने आणि गोळ्यांनी कमी होतं. पण नैराश्य नसताना हातापायासाठी म्हणून त्या गोळ्या मागू नका. 2011 च्या एका फ्रेंच चाचणीवरून तशी आशा निर्माण झाली होती, 2018 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत फायदा दिसला नाही.

शिरपूरकर
आणि पुन्हा लकवा येऊ नये म्हणून काय? आमच्याकडे तेवढं कुणी विचारतच नाही.

टवाळ_सातपुडा
शेवभाजी, खारं, पापड, लोणचं आणि तंबाखू सोडायची. म्हणजे खान्देशच सोडायचा.

कळणेभाकरी
शेवभाजी तरी ठेवा हो. महिन्यातून एकदा.

गिरणेचं_पाणी
आमचे सासरे मीठ सोडायला तयार नव्हते, भरीत अळणी खायचं म्हणजे पाप. शेवटी भरतात मिरच्या आणि लसूण वाढवला, मीठ अर्ध्यावर आणलं, त्यांना सांगितलंच नाही. तंबाखू मात्र सुटली नाही, पुडी उशीखाली सापडायची.

फिजिओताई
विनोद चालू द्या, पण बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणारे माझ्याकडे पुन्हा लकवा घेऊन येतात. गोळी चुकवू नका. गुठळीच्या लकव्यात रक्त पातळ ठेवायची गोळीही.

तापीकाठ
सगळं वाचतोय, छापून भावालाही दिलं. आज एक वेगळंच झालं. भावाने नानांना विचारलं, "जमीन बटाईने देऊ का?" नाना म्हणाले, "हो." स्पष्ट. लकव्यानंतर हा एकच शब्द त्यांना येतो. भाऊ म्हणाला, झालं, नानांनीच सांगितलं. बटाईदाराला उद्या बोलावलंय.

डाव्याहाताने
थांबा थांबा. त्या "हो" वर व्यवहार करू नका. डावा मेंदू गेला की कधीकधी एकच शब्द उरतो आणि तो सगळ्यालाच येतो. माझं पहिले काही दिवस सगळं "नको" होतं. पाणी हवं असलं तरी "नको". नवऱ्याला वाटायचं रुसलेय. नानांना असं काहीतरी विचारा ज्याचं उत्तर "नाही"च असायला हवं.

तापीकाठ
विचारलं. "नाना, तुम्ही जळगावचे कलेक्टर आहात का?"
"हो."
"आईचं नाव रेल्वे आहे का?"
"हो." आणि हे म्हणताना त्यांनी कपाळाला हात लावला, डावा. म्हणजे आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळलं.

टवाळ_सातपुडा
नाना कलेक्टर असतील तर केळीच्या विम्याचं तेवढं मार्गी लावायला सांगा.

बाकी तो कपाळाला लावलेला हात भारी आहे. माणूस आत पूर्ण बसलेला आहे.

डाव्याहाताने
तेच. समजतंय त्यांना बरंचसं, बाहेर यायला वाट नाही. शब्दावर जाऊ नका. मोबाइलवर फोटो काढा, दोन-दोन पर्याय समोर ठेवा, डाव्या हाताने दाखवू द्या. फोटोंची जागा बदलून तेच पुन्हा विचारा. दोन्ही वेळी तेच बोट आलं तर धरा. घाई करू नका, प्रश्नानंतर गप्प राहा. आपण लगेच दुसरा प्रश्न विचारतो आणि पहिलाच डोक्यात फिरत असतो. आणि घरात जी बोली बोलता त्यातच विचारा, पुस्तकी नको.

भुसावळ_जंक्शन
दिव्यांग प्रमाणपत्राचं पण बघून ठेवा. 40 टक्के किंवा जास्त असेल तर सवलती मिळतात. पण पहिल्या महिन्यात धावू नका, स्थिती स्थिरावल्यावरच धरतात. मामांचं तसंच झालं, दोन फेऱ्या फुकट.

सालबर्डी
पुण्याला हलवायचं की नाही यावर कुणी बोललं नाही. माझं मत, नको. तिसरा मजला, लिफ्ट नाही, नानांना ओळखणारं कुणी नाही. फिजिओ चांगला मिळेल, पण दिवसाचे बाकीचे तेवीस तास भिंत बघणार.

गिरणेचं_पाणी
सहमत नाही. पहिले तीन महिने थेरपी महत्त्वाची असते. गावात रोज कोण येणार? घरच्यांना शिकवून भागेल असं म्हणतात, ते खरं असेल तर ठीक.

सांख्यिकी
त्याचीच चाचणी भारतात झाली आहे. 14 केंद्रं, 1250 पेशंट, 2017 मध्ये निकाल. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

कळणेभाकरी
मग घरच्यांनी काही करायचंच नाही?

सांख्यिकी
तसं नाही. दुसऱ्या गटातल्या घरच्यांनीही हात बांधून ठेवले नव्हते. निष्कर्ष इतकाच की थेरपिस्टची जागा घरच्या माणसाने घ्यावी आणि तेवढंच निघावं, असं होत नाही.

फिजिओताई
आणि तीन महिन्यांचं म्हणाल तर कोपनहेगनच्या अभ्यासात 95 टक्के लोक रोजच्या कामांतल्या आपल्या सर्वोत्तम पातळीला साडेबारा आठवड्यांत पोचले होते. तेव्हा पुणे-गाव हा वाद पहिल्या तीन महिन्यांपुरताच ठेवा. मधला मार्ग म्हणजे जळगाव-भुसावळकडे तेवढ्यापुरती खोली, थेरपी रोज, रविवारी गावी. नंतर गाव. खाटेऐवजी उंच पलंग, कमोड, ओट्याला कठडा, हे आताच करून घ्या.

तापीकाठ
उशिरा लिहितोय, गडबड होती. फोटो काढले. एक पीलबागेचा (आधीच्या केळीच्या पिलांवर धरलेली बाग), नानांनी स्वतः वाढवलेल्या, पुढच्या महिन्यात निसवायला (घड बाहेर पडायला) येईल अशा. एक रिकाम्या रानाचा, जिथे नवीन कांदेबाग लावायचा होता. आणि बटाईदाराचा. आईने विचारलं, आमच्या बोलीत, मी मध्ये बोललो नाही. नानांनी बटाईदाराचा फोटो रिकाम्या रानाच्या फोटोवर ठेवला. जागा बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पीलबागेचा फोटो उचलून त्यांनी उशीखाली सारला. तो परत काढू देईनात.

भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पीलबागेचं पाणी मी बघतो, पण नाना ओट्यावर बसून मला शिव्या देणार असतील तरच. शिव्या येतील का, बोलणं गेलंय तर?

डाव्याहाताने
बोलायच्या आधी पुष्कळदा शिव्याच येतात. आकडे, देवाची नावं आणि शिव्या, हे तोंडपाठ असतं त्याचा रस्ता वेगळा. तयारीत राहायला सांगा भावाला.

फिजिओताई
खरं आहे ते. आणि @तापीकाठ, बोटांचं काय? मूठ थोडी जरी उघडली तर तारखेसकट कळवा. एवढ्यात नाही उघडली तर हात कायमचा गेला असं आईला सांगून टाकू नका, पण रोज आशा लावून मूठ सोडवतही बसू नका. त्यासाठी स्प्लिंट (हाताला बांधायचा आधार) मिळतो, थेरपिस्ट बांधून दाखवेल.

तापीकाठ
अंगठा जरा हलल्यासारखा वाटला आज. भावाला वाटला, मला नाही. लिहून ठेवलंय.

भुसावळ_जंक्शन
बटाईचं लेखी करा. फक्त कांदेबागाच्या रानाचं आणि एका पिकापुरतं, पील द्यायची नाही असं स्वच्छ लिहून. दोन-तीन वर्षांचं केलं आणि नाना सहा महिन्यांत ओट्यावरून उतरून बांधावर गेले, तर बटाईदाराशी भांडण होईल. आणि नानांचा अंगठा घेण्याआधी तलाठ्याला नाही, वकिलाला विचारा.